ओट्यावरचा पोकळ त्रिकोण

टोपोलॉजीत एक व्याख्या आहे, जेमतेम दोन ओळींची. काही बिंदू घ्या. त्या बिंदूंचे काही सांत, म्हणजे मर्यादित संख्येचे, गट निवडा. अट एवढीच, की एखादा गट निवडला तर त्याच्या पोटातला प्रत्येक लहान गटही निवडलेला असला पाहिजे. रिकामा गट सोडून द्यायचा, प्रत्येक बिंदूचा एकट्याचा गट मात्र आत, म्हणजे निवडीत, हवा. झालं. अशा निवडीला सिम्प्लिशियल कॉम्प्लेक्स म्हणतात आणि निवडलेल्या प्रत्येक गटाला सिम्प्लेक्स.

यात लांबी नाही, कोन नाही, वक्रता नाही. आकाराच्या शास्त्राची ही पायाभूत व्याख्या आणि तिच्यात आकाराचा उल्लेखच नाही, याचं मला आजही नवल वाटतं. चित्र काढायचं तर काढता येतं. एकट्या बिंदूचा गट म्हणजे ठिपका. दोघांचा गट म्हणजे त्यांना जोडणारी रेघ. तिघांचा गट म्हणजे आतून भरलेला त्रिकोण, चौघांचा गट म्हणजे भरीव चतुष्फलक. पाच जणांच्या गटाला चार मिती लागतात, तिथे डोळ्यांची साथ सुटते. व्याख्या मात्र तशीच पुढे चालत राहते.

तिघं आत असतील तर त्यांतले कोणतेही दोघं आत असणारच, असं व्याख्या सांगते. उलट बाजूने ती काहीही वचन देत नाही. दोघं-दोघं तिन्ही जोड्यांनी आत असतील आणि तरी तिघांचा मिळून गट नसेल, असं होऊ शकतं. मग तीन रेघा असतात, त्रिकोणाची चौकट असते आणि मधे पोकळी असते. टोपोलॉजीतलं पुढचं केवढं तरी काम या पोकळीवर उभं आहे.

मी बेळगावात राहते आणि गणित शिकवते. ही व्याख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा मनात दुसरं कुठलंही उदाहरण येण्याआधी इथल्या माणसांच्या भाषा आल्या. आमच्याकडे माणूस एका भाषेत क्वचितच राहतो. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात तिसरंच काही. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला ‘बर्री’ म्हणायचं, त्याच दमात पोऱ्याला ‘पाणी आण रे’ म्हणून सांगायचं आणि फोनवर ‘कल देखेंगे’ म्हणायचं, हे खडेबाजारात कुणाला कौतुकाचं वाटत नाही. निपाणी-चिकोडीकडे मराठी-कन्नडचा जोड आणखी घट्ट. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, त्यात कोकणी मिसळते.

आता भाषांना बिंदू माना. मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, हिंदी, जितक्या असतील तितक्या. भाषांचा एखादा गट आत घ्यायचा की नाही हे असं ठरवायचं: त्या गटातल्या सगळ्या भाषा येणारा निदान एक माणूस गावात असला पाहिजे. व्याख्येतली अट तपासून बघा. मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही येणारा एखादा दुकानदार असेल, तर मराठी-कन्नड ही जोडी येणारा कुणी आहे का, हे वेगळं शोधायला नको. तोच आहे. व्याख्येतली मागणी इथे आपोआप पुरी होते. त्याला कोकणीही येत असेल तर त्या एका माणसाने कॉम्प्लेक्समध्ये एकदम १५ सिम्प्लेक्स आणले: ४ बिंदू, ६ रेघा, ४ त्रिकोण आणि एक भरीव चतुष्फलक. पाचवी भाषा शिकला तर ३१ होतील. एका माणसाचं शिकणं गावाच्या रचनेत केवढी भर घालतं हे या आकड्यांतून दिसतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

पोकळीचं उदाहरण मी लहानपणी बेळगावच्या शहापुरात पाहिलं आहे, अर्थात तेव्हा ते कशाचं उदाहरण आहे हे ठाऊक नव्हतं. आमच्या आजीला मराठी आणि कन्नड यायचं. शेजारच्या चाचीला कन्नड आणि दखनी उर्दू. बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीला मराठी आणि उर्दू. तिघी ओट्यावर बसायच्या. आजी आणि चाची कन्नडमधून बोलायच्या, चाची आणि कासारीण उर्दूतून, कासारीण आणि आजी मराठीतून. कुठल्याही दोघींचं अडत नसे. तिघींना मिळून एक भाषा मात्र नव्हती. आजीने काही गमतीचं सांगितलं की एक आधी हसायची, मग ती दुसरीला सांगायची, मग दुसरी हसायची, आणि तोवर पहिलीला आणखी काही आठवलेलं असायचं. बोलणं त्या ओट्यावर गोल फिरत असे. कुणाला त्यात उणं वाटलेलं मी पाहिलं नाही. पण तिघींनी एकाच क्षणी एकच वाक्य ऐकलं असंही होत नसे.

आता माणसांना बिंदू माना आणि काही जणांना मिळून निदान एक सामाईक भाषा असेल तर त्यांचा गट आत घ्या. हाही कॉम्प्लेक्स झाला, कारण तिघांना जी भाषा येते ती त्यांतल्या दोघांना येणारच. ओट्यावरच्या तिघींचा कॉम्प्लेक्स काढला तर तीन बिंदू, तीन रेघा, आणि आत काही नाही. पोकळ त्रिकोण.

मग आत्या बाहेर यायची. तिला तिन्ही भाषा यायच्या. शाळा फार झालेली नव्हती, पण शहापुरात विणकरांच्या, सोनारांच्या आळ्यांतून वावरताना भाषा शिकाव्या लागतात आणि त्या तिने नीट शिकल्या होत्या. आत्या बसली की ओट्याचा नूर बदलायचा. ती आल्यावर नेमकं काय व्हायचं, हे मला कळलं ते पुष्कळ वर्षांनी, या व्याख्येमुळे.

आत्या आल्यामुळे आजी, चाची आणि कासारीण या तिघींचा त्रिकोण भरला असं वाटतं. तो भरलेला नाही. त्या तिघींना सामाईक भाषा अजूनही नाहीच. आत्याला कितीही भाषा आल्या तरी त्या या तिघींच्या होत नाहीत. भरले ते दुसरेच तीन त्रिकोण. आजी, चाची, आत्या यांचा कन्नडमुळे. चाची, कासारीण, आत्या यांचा उर्दूमुळे. कासारीण, आजी, आत्या यांचा मराठीमुळे. चौघींची मिळून भाषा नाही, तेव्हा चतुष्फलकही नाही. हे तीन भरीव त्रिकोण आत्याच्या बिंदूशी येऊन मिळतात आणि मिळून जुनी चौकट पूर्ण झाकतात. जुना त्रिकोण जसाच्या तसा गैरहजर, तरी पोकळी गेली.

हे हिशेबानेही दाखवता येतं, आणि तो हिशेब इतका साधा आहे की इथे करूनच टाकते. प्रत्येक भरीव त्रिकोणाच्या तीन कडा लिहा, तिन्ही त्रिकोणांच्या मिळून नऊ होतील. त्यांत आत्या-आजी ही कड दोनदा आली, आत्या-चाची दोनदा, आत्या-कासारीण दोनदा. दोनदा आलेली कड कटते, कारण तिच्या दोन्ही बाजूंना भरीव भाग आहे. ती आतली झाली. उरल्या तीन: आजी-चाची, चाची-कासारीण, कासारीण-आजी. म्हणजे जी चौकट आधी रिकामी होती ती आता एका भरीव तुकड्याची सीमा आहे. होमॉलॉजीचं सगळं यंत्र एवढाच प्रश्न विचारतं: हा बंद फेरा कशाची सीमा आहे का? असेल तर पोकळी नाही. नसेल तर आहे.

हे यंत्र फ्रेंच गणिती आन्री प्वांकारेने उभं केलं. १८९५ साली त्याने ‘अनालिसिस सितूस’ हा लेख लिहिला. डेन्मार्कच्या पॉउल हेगार्डने १८९८ च्या प्रबंधात त्यातली एक अडचण दाखवून दिली, आणि तिला उत्तर म्हणून प्वांकारेने १८९९ मध्ये पुरवणी लिहिली. आकृतीचे तुकडे करायचे, कोणत्या तुकड्याला कोणती कड लागून आहे याचे तक्ते मांडायचे आणि तक्त्यांवरून पोकळ्या मोजायच्या, ही रीत त्या पुरवणीत आली. पुढे १९२० च्या दशकात जर्मन गणिती एमी नोएथरने सांगितलं की नुसते आकडे मोजू नका, त्यांच्यामागची ‘ग्रुप’ ही बीजगणिती रचना बघा. आज विद्यार्थी जे शिकतात ते तिने दाखवलेलं रूप. हेगार्डच्या टीकेबद्दल मला विशेष आदर आहे. प्वांकारेसारख्याला चूक दाखवायची आणि त्यानेही ती मनावर घेऊन मुळापासून नवी मांडणी करायची, यात दोघांचंही मोठेपण आहे.

दोनदा आलेली कड कटते, यावर इथल्या माणसाला जरा थांबावंच लागतं.

शहापूर आज बेळगाव शहरातच आहे. कुठे बेळगाव संपलं आणि शहापूर लागलं हे नव्या माणसाला सांगता येणार नाही. पण स्वातंत्र्याच्या वेळी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. दोन राज्यांची हद्द मधून जात होती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, दोन्ही तुकडे एका बेरजेत आले आणि ती कड कटली. बेळगाव आणि कोल्हापूर हे जिल्हेही काही वर्षं एकाच मुंबई राज्यात होते, तेव्हा त्यांच्यामधली कड आतली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि तीच कड राज्याची सीमा झाली. जमिनीवर काही हललं नव्हतं. कोणते तुकडे कोणत्या बेरजेत घ्यायचे एवढं बदललं, आणि तेवढ्याने एक कड पुसली जाते, दुसरी ठळक होते. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं त्या एका कडेबद्दल आहे. आमच्या घरांनी त्या बेरजेचं ओझं वाहिलं आहे, अजून वाहतात. मी ते हलकं करून सांगत नाही. पण कड स्वतः बदलत नाही, बेरीज बदलते, हे मला गणिताने जितकं लख्ख दाखवलं तितकं दुसऱ्या कशाने दाखवलं नाही.

व्याख्येचं दुसरं रूप भूमितीतलं आहे आणि त्यात एक जादा अट येते. खऱ्याखुऱ्या अवकाशात भरीव त्रिकोण, रेघा, चतुष्फलक मांडायचे असतील तर कोणतेही दोन एकमेकांना मिळतील ते फक्त एका सामाईक बिंदूत, सामाईक पूर्ण कडेत किंवा सामाईक पूर्ण पृष्ठात. नाहीतर मुळीच मिळणार नाहीत. एकाचा कोपरा दुसऱ्याच्या कडेच्या मध्यावर टेकलेला चालत नाही. तसा टेकला तर तीच कड एकासाठी अखंड आणि दुसऱ्यासाठी तुटलेली ठरते, आणि वरच्यासारखा कटाकटीचा हिशेब मांडताच येत नाही. इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा मोजून त्रिकोणांनी देश मोजायला घेतला, तेव्हा त्यालाही हेच पाळावं लागलं: पुढचा त्रिकोण मागच्या त्रिकोणाच्या अख्ख्या बाजूवर उभा करायचा. ते काम करता करताच १८२३ मध्ये तो विदर्भात हिंगणघाटला वारला.

या अटीतला एक बारकावा मला जवळचा वाटतो. सामाईक कड दोघांत अर्धी-अर्धी वाटलेली नसते. ती पूर्ण एकाची असते आणि पूर्ण दुसऱ्याचीही असते. मराठी आणि कन्नड दोन्ही मनापासून बोलणाऱ्या माणसाला कुणी ‘तू नक्की कुठला’ असं विचारतं, तेव्हा मला या अटीची आठवण होते.

आता डाउकरबद्दल. क्लिफर्ड ह्यू डाउकर हा कॅनडाचा गणिती. त्याने १९५२ मध्ये एक प्रमेय सिद्ध केलं, आणि ते वाचल्यावर मला आजीच्या ओट्याचा पुरा अर्थ लागला. वर मी दोन कॉम्प्लेक्स सांगितले. एकात बिंदू म्हणजे भाषा, आणि भाषांचे गट माणसांमुळे जुळतात. दुसऱ्यात बिंदू म्हणजे माणसं, आणि माणसांचे गट भाषांमुळे जुळतात. दोन्ही एकाच यादीतून निघालेले: कुणाला कोणती भाषा येते. डाउकर म्हणतो, यादी कोणतीही असो, या दोन कॉम्प्लेक्समधल्या पोकळ्या तंतोतंत सारख्या असतात. प्रत्येक मितीत. मग एकीकडे दहा बिंदू असोत आणि दुसरीकडे दहा हजार.

ओट्यावर ताडून बघा. आत्या नसताना भाषांच्या बाजूने काय आहे? मराठी-कन्नड ही रेघ आजीमुळे, कन्नड-उर्दू चाचीमुळे, उर्दू-मराठी कासारणीमुळे. तिन्ही येणारं कुणी नाही. इथेही पोकळ त्रिकोण. आत्या आली की माणसांच्या बाजूला तीन त्रिकोण एकत्र येऊन पोकळी झाकतात, आणि भाषांच्या बाजूला एकच त्रिकोण, मराठी-कन्नड-उर्दू, भरून येतो. तो भरीव त्रिकोण म्हणजे आत्या स्वतः. आकृत्या वेगळ्या, पोकळी दोन्हीकडे एकदमच मिटते. माणसांकडून बघा की भाषांकडून, गावात खरी फट असेल तर ती दोन्हीकडून दिसणार. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो आणि तो चढू द्यावा असंच मला वाटतं.

सगळं काही या व्याख्येत बसतं असं मात्र नाही. प्रत्येक पृष्ठभागाचे असे त्रिकोणी तुकडे पाडता येतात हे तिबोर राडोने १९२५ मध्ये सिद्ध केलं. एडविन मॉइसने १९५२ मध्येच तीन मितींसाठी ते दाखवलं. पण २०१३ मध्ये चिप्रियान मानोलेस्कूने दाखवलं की पाच आणि त्यावरच्या प्रत्येक मितीत अशी मॅनिफोल्ड, म्हणजे जवळून पाहिल्यास साध्या अवकाशासारखे दिसणारे आकार, आहेत ज्यांचे सिम्प्लेक्सांत तुकडे पाडताच येत नाहीत. बिंदू आणि गट यांच्या पलीकडेही आकार आहे. हे कळूनही व्याख्येवरचा माझा जीव कमी झाला नाही.

हल्ली मी निराळ्या प्रश्नापाशी अडते. आज आत्याची वाट बघावी लागत नाही. वर्गातल्या मुलांना, घरी ती काहीही बोलोत, हिंदी बहुतेक सगळ्यांना येते. समजा गावातल्या प्रत्येकाला हिंदी आली. मग माणसांच्या कॉम्प्लेक्समध्ये कोणताही गट घ्या, सामाईक भाषा आहेच. सगळे मिळून एकच प्रचंड सिम्प्लेक्स. पोकळी कुठेच नाही. डाउकरच्या प्रमेयाप्रमाणे भाषांच्या बाजूलाही नाही.

होमॉलॉजीच्या मापाने आत्याने फट मिटवणं आणि हिंदीने फट मिटवणं सारखंच. उत्तर दोन्हीकडे शून्य. मला ते सारखं वाटत नाही. आत्याने प्रत्येकीची भाषा प्रत्येकीजवळ ठेवून तिघींना जोडलं होतं. एकच सामाईक भाषा सगळ्यांना जोडते तेव्हा माणसांच्या कॉम्प्लेक्सकडे बघून कोण कुणाशी कन्नड बोलत होतं, कोण मराठी, यातलं काहीही वाचता येत नाही. एका भरीव सिम्प्लेक्समध्ये सगळ्या जोड्या, सगळे त्रिकोण एकसारखे असतात.

पण भाषांच्या बाजूचा कॉम्प्लेक्स हे विसरत नाही. तिथे हिंदीचा बिंदू शेंड्यावर बसतो आणि खालच्या प्रत्येक सिम्प्लेक्सला जाऊन भिडतो. टोपोलॉजीत एखाद्या बिंदूचा ‘लिंक’ काढतात: तो बिंदू ज्या-ज्या सिम्प्लेक्समध्ये आहे त्यांतून त्याला वगळायचं आणि जे उरतं ते एकत्र करायचं. उरतं तोही कॉम्प्लेक्सच असतो, कारण व्याख्येतली ती एकच अट तिथेही टिकते. सगळ्यांना हिंदी येत असेल आणि प्रत्येकाने आपापल्या भाषाही ठेवल्या असतील, तर हिंदीचा लिंक म्हणजे हिंदीच्या आधीचं आख्खं गाव. ओट्यावरच्या तिघींना हिंदी आली असती तरी त्या लिंकमध्ये त्यांच्या तिन्ही रेघा, मराठी-कन्नड, कन्नड-उर्दू, उर्दू-मराठी, जशाच्या तशा असत्या. मधली पोकळीसुद्धा.

म्हणून मला वर्गातल्या मुलांची यादी करायची आहे. कुणाला हिंदी येते हे विचारायचं नाही. हिंदी आणि इंग्रजी वगळून प्रत्येकाला आणखी काय येतं, शेजाऱ्याची भाषा त्यातली कुठली, आणि ती बोलता येते की नुसती कळते, एवढंच विचारायचं. मग त्या यादीवरून लिंक काढायचा आणि त्यात मराठी-कन्नड ही रेघ किती जणांच्या जोरावर उभी आहे ते मोजायचं. एकाच मुलावर उभी असेल तर त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना ते सांगायचं आहे. आणि एखादी आत्या सापडली, तर फळ्यावर तिचा त्रिकोण तिच्याच हातून भरून घ्यायचा आहे.